रविवर्म्याची दमयंती आणि वैशाखातलं ऊन

या महिन्याच्या टपालात चित्रकार रविवर्मा फार. लग्नसराई तोंडावर आली की दरवर्षी कुणी ना कुणी मोबाइलवर त्याचं चित्र पाठवतं आणि खाली लिहितं, "मावशी, असं दिसायचंय." नाटकमंडळ्यांचे कपडे सांभाळण्यात माझा जन्म गेला. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीत शालू, अंगरखे आणि कंबरपट्ट्यांच्या ट्रंका एकावर एक रचलेल्या आहेत, तेव्हा असं दिसवणं मला जमतं. पण नाटकातला प्रवेश वीस मिनिटांत संपतो आणि विंगेत पंखा असतो. लग्न दिवसभर चालतं. उत्तरं त्या हिशेबाने दिली आहेत.

प्रश्न : मावशी, वैशाखात माझ्या सख्ख्या भावाचं लग्न आहे. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, तोही आजवा रोडवरच्या पार्टी प्लॉटमध्ये. मला रविवर्म्याच्या हंस-दमयंतीसारखं सजायचंय. तशीच लाल साडी, जरीचा काठ. आजीचा लाल शालू घरात आहे, तोच नेसू का? आई म्हणते, त्यापेक्षा नवी जॉर्जेट घे, हलकी असते. मैत्रीण म्हणते, तयार शिवलेली साडी भाड्याने आण. आणि हे चित्र आपल्या बडोद्यातच आहे ना? एकदा जाऊन बघायचंय. — करवली, कारेलीबाग

उत्तर : अगं करवली, आधी चित्राचा पत्ता लावू. तू पाठवलेली हंस-दमयंती १८९९ ची आणि ती असते तिरुवनंतपुरमला, तिथल्या म्युझियमच्या आवारातल्या आर्ट गॅलरीत. आपल्याकडे लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात महाराजा फत्तेसिंग म्युझियम आहे, तिथली दमयंती वेगळी. महाराज सयाजीरावांनी १८८८ मध्ये रविवर्म्याला चौदा पौराणिक चित्रं सांगितली होती, त्यातलं ते 'नल-दमयंती'. त्यात नल तिला रानात झोपलेली सोडून निघालाय. लग्नघरात ती नक्कल नको बाई, हंसवालीच बरी.

म्युझियममध्ये मात्र जरूर जा. मूळ चित्रासमोर उभं राहिल्यावर मोबाइलवर न दिसणारी एक गोष्ट दिसते. जरीचा काठ रंगवताना हा माणूस सगळीकडे सोनं ओतत नाही. काठाचा जेवढा भाग उजेडाकडे वळलाय तेवढ्यावरच पिवळ्या रंगाचे दोन-चार फटकारे असतात. बाकीचा काठ तपकिरी, जवळून बघितला तर चक्क मळकट. चार पावलं मागे सरकलीस की अख्खा काठ झळाळायला लागतो. म्हणून सांगते, या चित्रांतून हातभर जर उचलू नकोस, दागिनेही उचलू नकोस. रंग उचल, पदर उचल, काठ कुठे वळतो ते बघ.

हुबेहूब करण्याचा अट्टहास त्याचाही नव्हता. ही चौदा चित्रं हाती घेण्याआधी तो धाकट्या भावाला, राजा राजा वर्माला, बरोबर घेऊन उत्तर हिंदुस्थान पालथा घालून आला. पुराणातल्या बायकांना नेसवायचं काय, हा प्रश्न होता. सगळ्यांना चालेल असा एक पेहराव काही सापडला नाही, तेव्हा त्याने आपल्या नजरेने जुळवाजुळव केली. त्याने केली, तूही कर.

आता आजीचा शालू. भर दुपारी, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, मांडवात तो नेसू नकोस. दमयंतीला फक्त हंसाचं बोलणं ऐकायचं होतं. तुला नवरदेवामागे करा धरून उभं राहायचंय, आणि आपल्याकडचे काका-मामा मंगलाष्टकं म्हणायला सरसावले की माइक सोडत नाहीत. जुनी जर म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि वर सोन्याचं पाणी. घाम आणि स्प्रे लागला की चांदी काळी पडते, ती मग कुणाच्या बापाला पूर्ववत करता येत नाही. शिवाय जुनं रेशीम घडीवर चिरतं. शालू दिवसा खिडकीत उजेडासमोर धर आणि घड्यांच्या रेषा बघ. तिथून जास्त उजेड झिरपत असेल तर तो शालू आता अंगावर घ्यायचा राहिला नाही. रेषा धड असतील तर संध्याकाळच्या रिसेप्शनला, एसी हॉलमध्ये, खुशाल नेस. पण काखेत फवारा मारून नेसू नकोस.

आईची जॉर्जेट वजनाला हलकी आहे, कबूल. पण बाजारात जॉर्जेट म्हणून जी खपते ती बहुधा पॉलिएस्टरची, आणि पॉलिएस्टर घाम पीत नाही. सुती कापड आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल सहज धरून ठेवतं, रेशीम अकरा टक्क्यांच्या आसपास. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. घाम मग आतल्या आत पाठीवरून ओघळतो. शिफॉन-जॉर्जेटवर दुकानदार तुला इंदिराराजेंची गोष्ट सांगेल. गोष्ट खरी आहे. शिफॉनच्या साडीला मान मिळवून दिला तो आपल्या बडोद्याच्या लेकीने, सयाजीरावांच्या इंदिराराजेंनी, १९१३ मध्ये कूचबिहारला सून म्हणून गेल्यावर. पण त्यांच्या साड्या फ्रान्सहून करवून आणलेल्या, रेशमी. त्यांच्या नावावर पॉलिएस्टर गळ्यात मारू देऊ नकोस.

तू चंदेरी घे. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा. त्या रेशमातला नैसर्गिक गोंद काढून टाकलेला नसतो, म्हणून कापड पारदर्शक आणि जरासं ताठ राहतं. अंगाला चिकटत नाही, आत वारं खेळतं. रंग डाळिंबी. काठ दोन बोटांचा पुरे, बुट्ट्या नकोतच. चित्रातल्या लालात किती पिवळा आणि किती तपकिरी मिसळलाय ते बघ म्हणजे दुकानातला भडक गुलाबी तू आपोआप बाजूला सारशील.

खरी मेख ब्लाउजात आहे आणि तिकडे कुणी बघत नाही. टू बाय टू रुबियाचा, म्हणजे पातळ सुती कापडाचा शिव, किंवा साडीतलाच पीस वापरणार असशील तर आत मलमलीचं अस्तर लाव. अस्तराचं कापड आपण नेऊन द्यायचं. दर्जीवर सोडलं तर तो हाताला येईल ते लावतो आणि ते नेमकं पॉलिएस्टर मिसळलेलं टेरिकॉट निघतं. बाही कोपराच्या जरा वर आणि तिच्या कडेला साडीतलाच काठ. बगलेत अर्धा इंच सैल ठेवायला सांग, कारण करा धरून हात उचललेले राहणार. माप देताना दर्जीसमोर हात वर करून दाखव, लाजू नकोस.

पदर पाच निऱ्या घालून पट्टीने आखल्यासारखा लावायची सध्या पद्धत पडलीय. रविवर्म्याच्या बायकांचा पदर सुटा पडतो, म्हणूनच त्या जिवंत वाटतात. तो सुटा दिसावा पण सुटू नये, यासाठी एक पिन पुरते. ब्लाउजच्या खांद्यावरच्या शिलाईतून आतून बाहेर पिन काढायची, पदराच्या दोनच थरांतून न्यायची, आणि पिन आणि चंदेरी यांच्यामध्ये रुबियाचा नखाएवढा तुकडा धरायचा. पिनेचा ताण त्या तुकड्यावर येतो, साडी फाटत नाही. पिन जरीतून कधीही न्यायची नाही.

गळ्यात एकच काहीतरी. आईची तन्मणी असेल तर उत्तम, पण अत्तर आधी आणि मोती नंतर. घामाने आणि अत्तराने खरे मोती निस्तेज होतात. घरी आल्याबरोबर मऊ सुती फडक्याने पुसून ठेव.

भाड्याच्या शिवलेल्या साडीबद्दल एवढंच. दुकानातच ती घालून बस, ऊठ, वाक आणि जिना चढून बघ. मग पैसे दे.

प्रश्न : वय अठ्ठावन्न. माहेरी देवघराशेजारी रविवर्म्याच्या सरस्वतीची तसबीर होती, मोरासकट. तशी पांढरी, सोनेरी काठाची साडी नेसायची इच्छा आयुष्यभर मनात राहिली. आता मे महिन्यात नातवाची मुंज आहे. जाऊबाई म्हणतात, शुभकार्यात पांढरं नको. तुम्ही काय म्हणता? — मांजलपूर

उत्तर : ताई, मी म्हणते नेसा. जाऊबाईंना विचारा की लग्नात मामाकडून येते ती अष्टपुत्री काय असते? आमच्या घरात तर साधं पांढरं सुती वस्त्र हळदीच्या पाण्यातून काढून पिवळं करत, आणि त्याच्याइतकं शुभ दुसरं काही नव्हतं. केरळात तर सोनेरी काठाचं शुभ्र वस्त्र हाच सणाचा पोशाख. रविवर्मा तिथलाच, किळिमानूरचा. त्याने १८९३ मध्ये आपल्या लेकीचं चित्र काढलं, कडेवर मूल घेऊन उभी असलेली, 'देअर कम्स पापा' नावाने प्रसिद्ध आहे ते. तीही पांढऱ्यातच आहे.

तुमच्या माहेरची तसबीर छापील असणार. १८९४ मध्ये त्याने मुंबईला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या. मूळ सरस्वती आपल्या लक्ष्मी विलासच्या संग्रहातली. या छापील तसबिरींवर बायका खरी जर, टिकल्या आणि कापडाचे तुकडे चिकटवून देवीला साडी नेसवत. काचेच्या आत भरतकाम! माझ्या ओळखीच्या एका घरात अशी लक्ष्मी अजून आहे, टिकल्या काळ्या पडल्यात तरी पदर शाबूत. सरस्वतीवरही तुमच्याकडे असं काही होतं का, मला कळवा.

साडी शुभ्र घेऊ नका, मोतिया घ्या. उन्हात चुन्यासारखा पांढरा रंग फोटोत चेहरा खाऊन टाकतो. सुती महेश्वरी किंवा चंदेरी, आत त्याच रंगाचा सुती परकर (पांढरा परकर मोतिया साडीतून उठून दिसतो, लक्षात ठेवा). ब्लाउज हिरवा किंवा मोरपिशी घातलात तर मोरही आला आणि जाऊबाईंचा रंगाचा आग्रहही पुरा झाला. हातात हिरव्या बांगड्या भरा म्हणजे बोलायला जागा राहणार नाही.

प्रश्न : फतेगंजहून रोज स्कूटरने कॉलेजला जाते. तोंडाला ओढणीची बुकाणी बांधते तरी कपाळ आणि हात काळवंडलेत. बहिणीच्या लग्नाआधी रविवर्म्याच्या बायकांसारखी कांती हवी आहे. बेसन, हळद आणि लिंबू रोज लावून उन्हात वाळवते, जास्त फरक पडावा म्हणून. एका मैत्रिणीने एक ट्यूबही सुचवलीय. — टॅन झालेली

उत्तर : लिंबू आजपासून बंद. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजते, फोड येतात आणि मागे जे काळे डाग राहतात ते काही महिने जात नाहीत. गोरं व्हायला जाऊन लग्नात पट्टेरी दिसशील.

ट्यूबही नको. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणलेल्या गोरेपणाच्या ट्यूबांत अनेकदा स्टेरॉइड असतं. पहिले काही दिवस चेहरा चकचकीत दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, पुरळ येतो. लावणं थांबवलं की आणखी भडकतो. डाग असतील तर स्किनच्या डॉक्टरकडे जा.

सकाळी निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं सनस्क्रीन लाव. एसपीएफ ३० पुरतं. ते भाजणाऱ्या किरणांपैकी ९७ टक्के अडवतं, ५० वालं ९८. फरक आकड्यात आहे तेवढाच. लोक चुकतात ते मापात. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांच्या लांबीएवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. वाटाण्याएवढ्याने काही होत नाही. दोन-दोन तासांनी पुन्हा. हातांना पूर्ण बाह्यांचा सुती सनकोट, चायनीज कापडाचा नव्हे.

उटणं हवंच असेल तर मसुराचं पीठ, वाळा, नागरमोथा आणि थोडी आंबेहळद, दुधात किंवा गुलाबपाण्यात कालवून, आठवड्यातून एकदा. अर्धवट ओलं असतानाच धुवायचं, खरवडून काढायचं नाही. वाळ्याची जुडी माठात टाकून त्या पाण्याने शेवटी तोंड धू. शाकुंतलात तिसऱ्या अंकात शकुंतला तापलेली असते तेव्हा सखी तिच्यासाठी वाळ्याचा लेप घेऊन जाते. उन्हाळ्याचा उपचार तेव्हापासून बदललेला नाही.

आणि रविवर्म्याची कांती म्हणजे गोरेपण नव्हे. चित्र जवळून बघ. हनुवटीखाली, कोपराशी, गालाच्या कडेला तो सरळ तपकिरी आणि लालसर रंग वापरतो, सावल्या झाकत नाही. तू पावडरचे थर देऊन चेहरा सपाट केलास तर चित्रातली नव्हे, पिठाच्या गिरणीतली दिसशील.

प्रश्न : आमच्या भिशीच्या ग्रुपने 'उन्हाळी शकुंतला' असा कार्यक्रम ठरवलाय. दागिने न घालता फक्त फुलं. पण मोगरा तासाभरात पिवळा पडतो आणि प्लॅस्टिकची फुलं मला आवडत नाहीत. काय करावं? — रावपुरा

उत्तर : वा, कार्यक्रम कुणी सुचवला त्यांना माझा नमस्कार सांगा. रविवर्मा शकुंतलेकडे पुन्हा पुन्हा वळला. पत्र लिहिणारी शकुंतला १८७६ ची, मद्रासच्या गव्हर्नरांनी विकत घेतलेली. पायातला काटा काढायच्या मिषाने मागे वळून बघणारी १८९८ ची, ती तुम्हा सगळ्यांना पाठ असेल. छापखान्यातून निघालेलं पहिलं चित्रसुद्धा शकुंतलेच्या जन्माचं.

पण फुलांसाठी मी रविवर्म्याच्या मागे, थेट कालिदासाकडे जाईन. नाटकाच्या सुरुवातीला नटी ग्रीष्माचं गाणं म्हणते, त्यात बायका हलक्या हाताने शिरीषाची फुलं खुडून कानावर खोवतात. पुढे सहाव्या अंकात दुष्यंत स्वतः शकुंतलेचं चित्र काढतो आणि बघता बघता त्याच्या ध्यानात येतं की कानावरचं शिरीष, ज्याचे केसर गालापर्यंत लोंबतात, ते काढायचं राहूनच गेलं. राजाला रत्नांचा हार नाही आठवला, मुकुट नाही, कानावरचं एक फूल आणि छातीवरचा कमळतंतूंचा हार आठवला. कपडेपट कसा भरावा हे माझ्यासारखीला यातून जितकं कळतं तितकं शंभर कॅटलॉगांतून कळणार नाही.

शिरीष एप्रिल-मेमध्ये फुलतो. नीट ओळखा: गुलाबी झुपक्यांचा मोठा छत्रीसारखा वृक्ष तो विलायती शिरीष. खरा शिरीष पांढरट-हिरवट, रेशमी केसरांचा, संध्याकाळी मंद वास येतो, आणि गेल्या वर्षीच्या वाळक्या शेंगा झाडावर खुळखुळत असतात. फूल नाजूक, लगेच मलूल होतं. म्हणून देठासकट तोडा, देठ ओल्या कापसात गुंडाळा, आणि स्टेजवर जायच्या अगदी आधी कानामागे खोवा. केस कानामागून घट्ट घेतलेले हवेत, म्हणजे केसर गालावर उतरलेले दिसतात. एकच कान. दोन्ही कानांना खोवलंत तर वासरू सजवल्यासारखं होईल, रागावू नका.

मोगरा सकाळी उमललेला घेतला तर पिवळा पडणारच. खंडेराव मार्केटला दुपारच्या आत जा आणि मिटलेल्या कळ्यांचा गजरा मागा, हिरवट देठाच्या कळ्यांचा. ओल्या मलमलीत सैल गुंडाळून डब्यात, डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. फ्रीजरमध्ये ठेवलात तर काळा होईल. संध्याकाळी माळलात की तुमच्या केसांतच उमलेल. अनंताला बोट लागलं की तपकिरी डाग पडतो, तो फक्त देठाला धरून. सोनचाफा अंबाड्यात एक, तोही बाजूला. मनगटाला कमळाच्या देठाचं वलय करायची हौस असेल (शकुंतलेच्या हातात तेच होतं) तर देठ आदल्या रात्री पाण्यात ठेवा. सकाळी वाकवताना मोडत नाही. साडी मात्र साधी, काठाशिवायची, मळकट हिरवी किंवा मातकट. फुलं आणि बुट्टे एकत्र आले की दोघांचीही माती होते.

प्रश्न : लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला सौभाग्यवतींनी रविवर्मा थीम ठरवली आहे. माझ्यासाठी ऑनलाइन मखमली शेरवानी, मोत्यांचा कंठा आणि तयार फेटा मागवायच्या बेतात आहेत. कार्यक्रम जूनच्या पहिल्या आठवड्यात, गच्चीवर. वाचवा. — मकरपुऱ्याचा दुष्यंत

उत्तर : दुष्यंतराव, जूनमध्ये गच्चीवर मखमल घातलीत तर दुर्वासाच्या शापाची गरज पडणार नाही, बायकोला तुम्ही घामानेच ओळखू येणार नाही. पांढरा मलमलीचा सदरा, सुती धोतर, लाल काठाचं उपरणं. मखमलीचे पैसे वाचतील त्यात उपरण्याला खरा काठ घ्या.

वहिनी ऐकत नसतील तर त्यांना सयाजीरावांचा दाखला द्या. १९११ च्या दिल्ली दरबारात सगळे संस्थानिक हिऱ्या-मोत्यांनी मढून आले असताना आपले महाराज दागिने न घालता साध्या पांढऱ्या पोशाखात बादशहासमोर गेले. त्यावरून विलायतेपर्यंत गहजब झाला होता, तुमच्या गच्चीवर तेवढा होणार नाही.

फेटा तयार नको. तो पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो, डोक्याला वारा लागत नाही आणि कपाळावर लाल वळ उठतो. मलमलीचं कापड घ्या आणि बांधून घ्या. बांधणारा मिळाला नाही तर कार्यक्रमाच्या दिवशी चारच्या आत दांडिया बाजारात या, मी बांधून देईन. धोतर मात्र घरूनच नेसून या.